मिरगाआधी बांधून ठेवायचा बोगदा: भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचा व्हीपीएन

आमच्या देवगडाकडे आगोटीची कामं ठरलेली असतात. सरपण आत घ्यायचं, नळे परतून घ्यायचे, सुकी मासळी डब्यात भरायची. मिरग लागला, पाऊस कोसळायला लागला आणि मग कुणी छपरावर चढला तर शेजारीपाजारी त्याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. व्हीपीएनचंही, म्हणजे आपल्या फोनपासून दूरच्या एका संगणकापर्यंतच्या (सर्व्हरपर्यंतच्या) झाकलेल्या वाटेचंही, तसंच असतं, हे मला माझ्या मावसभावामुळे कळलं.

तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. पहिल्यांदा चिनी बंदरात लागला तेव्हा त्याचा फोन आला. "दादा, व्हॉट्सॲप नाय, गुगल नाय, आवशीक फोटो खंयसून धाडू?" मी त्याला व्हीपीएनचं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं. ॲप जिथून घ्यायचं ते दुकानही तिथे बंद, व्हीपीएन कंपनीचं संकेतस्थळही बंद. मी इथे पडवीत बसून काहीही करू शकत नव्हतो. पुढच्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा दोन दुपारी खर्चून आम्ही सगळं बांधून घेतलं, आणि मग तो परत गेला. त्या दोन दुपारींचं हे टिपण आहे.

वाचायला लागण्याआधी एक सूचना. भावाला पुढे बरंच काही मी फोनवरून सांगत गेलो, त्यामुळे आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे मी तसं सांगेन.

बोगदा काय झाकतो

कणकवलीहून मुंबईला जाताना भोके सोडलं की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. उक्शीच्या अलीकडे ती बाहेर येते. आत असताना डब्यात कोण काय करतंय हे बाहेरच्याला दिसत नाही. पण भोक्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला गाडी किती वाजता शिरली, किती डब्यांची होती, हे दिसतं. उक्शीच्या बाजूच्या माणसाला ती बाहेर पडताना दिसते.

व्हीपीएन एवढंच करतो. हॉटेलचं वाय-फाय, बंदरातलं नेट, तुमची मोबाइल कंपनी ही भोक्याकडची मंडळी. तुम्ही कुठे जाताय ते त्यांना दिसत नाही, फक्त एका सर्व्हरकडे काहीतरी जातंय हे दिसतं. उक्शीच्या तोंडाशी तुमचा भाड्याचा सर्व्हर आणि तो भाड्याने देणारी कंपनी. त्यांच्याकडे तुमचं नाव आहे, कार्ड आहे. शिवाय त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून फक्त तुम्हीच बाहेर पडता, हजार लोकांच्या गर्दीत मिसळून जाण्याची सोय इथे नाही. म्हणून ज्याला स्वतःची ओळखच लपवायची आहे त्याने टॉरकडे, म्हणजे ओळख लपवणाऱ्या जाळ्याकडे, वळावं. आपल्याला मधल्या नजरा आणि मधले अडथळे टाळायचे आहेत, त्यासाठी हे उत्तम आहे.

आणि गाडीच बंद असेल तर बोगदा कशाला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. खांब आडवे झाले, टॉवर मुके झाले. नेटच नसेल, मग ते वादळाने असो की सरकारी आदेशाने, व्हीपीएन काही करू शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात

भारतात स्वतःच्या वापरासाठी व्हीपीएन चालवायला सर्वसाधारण बंदी नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी तात्पुरत्या बंदीचे आदेश काढलेले आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यानुसार व्हीपीएन आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी (नेटवरचा पत्ता) वगैरे पाच वर्षं जपून ठेवायचं आहे. हे कंपन्यांना लागू आहे. तुम्ही घरच्या चार माणसांना जोडून दिलंत तर तुम्ही कंपनी होत नाही. गावातल्या पोरांना महिना शंभर रुपयांत विकायला लागलात तर मात्र सेवा पुरवठादाराच्या रांगेत जाऊन बसता. विकू नका.

बाहेरच्या देशात तिथला कायदा. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनच्या आडून गुन्हा केल्यास दंडाची सुरुवातच पाच लाख दिरहमपासून होते. चीनमध्ये सरकारमान्य नसलेला व्हीपीएन बेकायदेशीर आहे. जहाजाचे स्वतःचे नियम वेगळे. भावाला मी हे सगळं आधी सांगितलं, निर्णय त्याचा. एक सोपी गोष्टही सांगितली: भारतीय सिम रोमिंगवर असेल तर डेटा बहुधा भारतातल्या मूळ जाळ्यात येऊन मगच बाहेर पडतो, त्यामुळे तिथली बंदी सहसा लागत नाही. महाग पडतं, पण आईला एक फोटो पाठवायला पुरतं.

सर्व्हर कुठला, कुणाकडून

सर्वांत छोटा घ्या. एक आभासी प्रोसेसर, एक जीबी मेमरी, दहा-वीस जीबी डिस्क. पाच-सात माणसांना हा आरामात पुरतो. महिन्याला चार ते सहा डॉलर, वर आपला अठरा टक्के जीएसटी. डिजिटल ओशन, व्हल्टर, लिनोड, हेट्झनर, ॲमेझॉनचं लाइटसेल ही नेहमीची नावं. कुणाचीही शिफारस करत नाही. तासाच्या हिशोबाने आकारणी असलेला घ्या, म्हणजे चुकला तर मोडून नवा करता येतो. ध्यानात ठेवा, बहुतेक ठिकाणी सर्व्हर नुसता बंद केला तरी भाडं चालूच राहतं. तो पुसून टाकावा लागतो.

जागा ठरवताना दोनच गोष्टी बघायच्या. जिथे अडवणूक आहे त्या देशाच्या बाहेर हवा, आणि तुमच्यापासून जवळ हवा. घरून वाय-फायच्या सुरक्षेपुरताच वापरणार असाल तर मुंबई. माझ्याकडून मुंबईचा सर्व्हर तीसेक मिलिसेकंदांत उत्तर देतो, सिंगापूर त्याच्या तिप्पट वेळ घेतो. भाऊ पूर्व आशियात फिरतो म्हणून आम्ही सिंगापूर घेतलं.

पैसे भरताना अडाल. २०२० पासून नवं कार्ड आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतं, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आणि दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीला आधी वेगळी संमती नोंदवावी लागते, ती परदेशी कंपनीकडे जमेलच असं नाही. माझा एक महिना असाच चुकला. ऐन गणपतीत, घरात पंचवीस माणसं, कोण ईमेल बघतंय? तीन स्मरणपत्रं येऊन गेली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर सर्व्हर पुसलेला. भाऊ तेव्हा समुद्रात होता, नशीब. आता मी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरतो.

प्रणाली म्हणून उबुंटू २४.०४ किंवा डेबियन निवडा. पुढचं सगळं उबुंटूवर केलेलं आहे.

कुलूप आधी, बोगदा नंतर

नवा सर्व्हर चालू झाल्यावर काही मिनिटांतच जगभरातले आगंतुक दार ढकलून बघायला लागतात. म्हणून पासवर्डने आत जायची वाटच ठेवायची नाही.

आपल्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरायचं साधन, असतं. आज्ञा: एसएसएच-कीजेन, जागा, -टी, जागा, ईडी२५५१९. परवलीचं वाक्य विचारेल, ते द्याच. दोन फाइली तयार होतात. शेवटी डॉट पब असलेली सार्वजनिक, ती सर्व्हर घेतानाच कंपनीच्या पानावर चिकटवायची. दुसरी खाजगी, ती लॅपटॉप सोडून कुठेही जायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

एसएसएचने सर्व्हरच्या आत गेल्यावर पहिलं काम: एपीटी अपडेट, मग एपीटी अपग्रेड. मग ॲडयूजर वापरून स्वतःच्या नावाचा वापरकर्ता, त्याला सुडो गटात (प्रशासकाचे अधिकार असलेल्या) टाका, आपली सार्वजनिक किल्ली त्याच्या घरातही ठेवा. नंतर एसएसएचडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन आणि परमिटरूटलॉगिन या दोन्ही ओळींपुढे 'नो'. एसएसएच पुन्हा सुरू करा, पण जुनी खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नव्या नावाने आत जाता येतंय का ते बघा, जमलं की मगच पहिली मिटवा. फायरवॉलचंही (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारी राखण, इथे यूएफडब्ल्यू हा प्रोग्राम) तसंच: आधी यूएफडब्ल्यू अलाव ओपनएसएसएच (ओ, एस, एस, एच मोठे), मग यूएफडब्ल्यू इनेबल. क्रम उलटा केलात तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल. मी राहिलोय. अशा वेळी कंपनीच्या पानावर 'कन्सोल' नावाची खिडकी असते, तीतून मागच्या दाराने आत जाता येतं. मात्र तिथे पासवर्ड लागतो, म्हणून ॲडयूजरच्या वेळी दिलेला पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे ना तेही बघा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप होत राहतात.

पहिलं दार: वायरगार्ड

वायरगार्ड, म्हणजे बोगदा बांधणारा प्रोग्राम, जेसन डोननफेल्डने लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून थेट कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आलं. जुन्या व्हीपीएनपुढे त्याचा आकार अगदीच लहान, चारेक हजार ओळींचा. त्यामुळे वेग चांगला, बॅटरी कमी खातं, आणि सेटिंगची फाइल पोस्टकार्डावर मावते.

सुडो एपीटी इन्स्टॉल, पुढे वायरगार्ड, आयपीटेबल्स आणि क्यूआरएनकोड. मग सुडो -आय करून मूळ वापरकर्ता व्हा, यूमास्क ०७७ द्या, म्हणजे पुढे बनणाऱ्या फाइली दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत. किल्ल्या बनवायला डब्ल्यूजी जेनकी. त्यातून आलेली किल्ली उभ्या रेघेतून डब्ल्यूजी पबकीला दिली की जोडीची सार्वजनिक किल्ली मिळते. सर्व्हरसाठी एक जोडी आणि प्रत्येक उपकरणासाठी वेगळी. दोन फोनवर एकच किल्ली टाकलीत तर सर्व्हरला एकच माणूस दोन ठिकाणांहून बोलतोय असं वाटतं, आणि दोघांचंही नेट आलटून पालटून तुटतं.

इटीसीच्या आत वायरगार्ड या फोल्डरात डब्ल्यूजी० डॉट कॉन्फ नावाची फाइल करा. पहिला भाग चौकटी कंसात इंटरफेस. त्यात ॲड्रेस १०.८.०.१/२४, लिसनपोर्ट ५१८२० (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार), आणि प्रायव्हेटकी, म्हणजे सर्व्हरची खाजगी किल्ली. घरचे राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतात, म्हणून तो गट इथे टाळायचा. मग दर उपकरणामागे एक पीअर भाग: त्याची पब्लिककी आणि अलावडआयपीज १०.८.०.२/३२, पुढच्याला ३, त्याच्या पुढच्याला ४. दोघांना चुकून एकच आकडा दिलात तर नंतरचा पहिल्याची जागा बळकावतो आणि पहिला गुपचूप मुका होतो. भावाच्या फोनबरोबर मी त्याच्या टॅबची फाइल नक्कल-चिकटव करून बनवली होती. टॅब चालला, फोन बंद. "दादा, हय अडाकला." अर्धा तास त्या एका आकड्यात गेला.

आता सर्व्हरला पुढे वाट काढून द्यायची. इटीसीच्या सिससीटीएल डॉट डी फोल्डरात एक फाइल करून तिच्यात नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी_फॉरवर्ड बरोबर १ ही ओळ, मग सिससीटीएल --सिस्टम. पुढे आयपी राउट अशी आज्ञा देऊन 'डिफॉल्ट' ने सुरू होणारी ओळ वाचा. त्यात 'डेव्ह' नंतर बाहेरच्या तारेचं नाव असतं. पुष्कळ लेखांत सरळ ईटीएच० लिहिलेलं असतं, पण आमच्या सर्व्हरवर ते ईएनएस३ निघालं. कॉन्फ फाइलच्या इंटरफेस भागात पोस्टअप ओळ: आयपीटेबल्स -टी नॅट -ए पोस्टराउटिंग -ओ ईएनएस३ -जे मास्करेड. यात ए, पोस्टराउटिंग आणि मास्करेड मोठ्या अक्षरांत. पोस्टडाउनमध्ये तीच ओळ, ए च्या जागी मोठा डी.

यूएफडब्ल्यू चालू असेल तर अजून दोन गोष्टी लागतात, आणि दुसरी जवळजवळ सगळे विसरतात. एक, यूएफडब्ल्यू अलाव ५१८२०/यूडीपी. दोन, यूएफडब्ल्यू राउट अलाव इन ऑन डब्ल्यूजी० आउट ऑन ईएनएस३. ही नसली तर फोनवर 'जोडलं' दिसतं, पण एकही पान उघडत नाही. कंपनीच्या पानावर वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही यूडीपी ५१८२० उघडा.

सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०. झालं, सर्व्हर उभा.

फोनची बाजू आणि जिओची गंमत

फोनसाठीची फाइल सर्व्हरवरच लिहा, क्यूआरएनकोडला -टी एएनएसआययूटीएफ८ देऊन टर्मिनलवर चौकोन काढा, वायरगार्डच्या ॲपने तो टिपा. फाइलमध्ये फोनची खाजगी किल्ली, त्याचा पत्ता, डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर (१.१.१.१ किंवा ९.९.९.९), सर्व्हरची सार्वजनिक किल्ली, एंडपॉइंट म्हणजे सर्व्हरचा आयपी आणि पुढे :५१८२०, पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५. चौकोन टिपून झाला की सर्व्हरवरची ती फाइल पुसा.

अलावडआयपीजमध्ये नुसतं ०.०.०.०/० लिहून लोक मोकळे होतात. कोकणात हे महागात पडतं, कारण इथे बहुतेकांच्या फोनमध्ये जिओ असतं आणि जिओचं जाळं मुख्यतः आयपीव्ही६ वर, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीवर, चालतं. तुम्ही फक्त चौथ्या आवृत्तीची वाट बोगद्यात वळवलीत, तर सहाव्या आवृत्तीने जाणारी सगळी वाहतूक बोगद्याशेजारून उघड्यावरून धावत राहते, आणि वरच्या पट्टीत किल्लीची खूण बघून तुम्ही निर्धास्त. म्हणून ०.०.०.०/० नंतर स्वल्पविराम देऊन ::/० लिहा आणि फोनला एफडीने सुरू होणारा एक खाजगी सहावा पत्ताही द्या, उदाहरणार्थ एफडी४२::२/१२८. सर्व्हरने ती वाहतूक पुढे नेली नाही तरी चालतं. ॲपं मुकाट्याने चौथ्या आवृत्तीवर येतात.

दुसरी तक्रार अशी येते: व्हॉट्सॲपचे निरोप जातात, पण पानं अर्धवट उघडून लटकतात. हे पाकिटाच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या, आकाराचं दुखणं. नेहमीचं एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४२०, ते फोनच्या फाइलमध्ये १२८० करा. आमच्या वाडीत टॉवरच्या कडेला बसणाऱ्या दोन घरांत याच एका आकड्याने काम झालं.

बँकेची आणि यूपीआयची ॲपं परदेशी पत्ता बघून बिथरतात. अँड्रॉइडवरच्या वायरगार्डमध्ये निवडक ॲपं बोगद्याबाहेर ठेवायची सोय आहे, ती वापरा.

तपासायला सर्व्हरवर सुडो डब्ल्यूजी एवढंच. प्रत्येक पीअरखाली 'लेटेस्ट हँडशेक' दिसलं की हात मिळाले. दिसत नसेल तर बहुधा फायरवॉल, नाहीतर दोन्हीकडच्या किल्ल्यांची अदलाबदल. याच यादीत प्रत्येक उपकरणाचा शेवटचा खरा पत्ताही दिसतो. म्हणजे एवढी नोंद सर्व्हरच्या मेमरीत असतेच, 'काहीच नोंद नाही' असं कुणाला सांगू नका.

दुसरं दार: ओळखू न येणारं

इथवरचं भारतात आणि बऱ्याच देशांत पुरतं. चिनी बंदरात पुरत नाही. वायरगार्ड आतला माल लपवतं, स्वतःला लपवत नाही. ते आमचं कामच नाही, असं त्याचे कर्तेच सांगतात. त्याचं पहिलं पाकीट नेहमी १४८ बाइटचं, सुरुवातीला १ आणि मग तीन शून्यं. उत्तर ९२ बाइटचं. भोक्याच्या तोंडाशी उभ्या माणसाला डब्यातलं दिसलं नाही तरी इंजिन ओळखता येतं, आणि तो सिग्नल लाल करतो. पोर्ट बदलून इंजिनाचा चेहरा बदलत नाही.

मग लोकांनी काय केलं, तर सगळंच यादृच्छिक दिसेल अशी वाहतूक केली. शॅडोसॉक्स त्यातलंच. पण नोव्हेंबर २०२१ पासून चीनची भिंत, म्हणजे नेट अडवणारी तिथली सरकारी यंत्रणा, 'फारच विस्कळीत दिसणारी' पहिली पाकिटंही अडवू लागली. संशोधकांनी २०२३ मध्ये तिची रीत उलगडून दाखवली. काहीच ओळखीचं दिसत नाही हीच ओळख झाली. शिवाय भिंत संशयित सर्व्हरला स्वतः फोन करून बघते, पलीकडून काय उत्तर येतं ते.

म्हणून सध्या टिकणारा मार्ग म्हणजे नेहमीच्या सुरक्षित संकेतस्थळासारखं दिसणं. एक्सरे हा प्रोग्राम, त्यातला व्हीलेस प्रोटोकॉल आणि रिॲलिटी ही पद्धत. ४४३ पोर्टवर कुणी अनोळखी आला की सर्व्हर त्याला दुसऱ्याच एका खऱ्या संकेतस्थळाचं खरं प्रमाणपत्र दाखवतो, जणू तो त्याच दुकानाचा दरवाजा आहे. किल्ली असलेल्यालाच आतली वाट.

एक्सरे त्या प्रकल्पाच्या अधिकृत स्थापकाकडूनच घ्या, कुणाच्या व्हिडिओखालच्या दुव्यावरून नव्हे. मग एक्सरे यूयूआयडी दिल्यावर वापरकर्त्याचा ओळखक्रमांक मिळतो, एक्सरे एक्स२५५१९ दिल्यावर किल्ल्यांची जोडी, ओपनएसएसएल रँड -हेक्स ८ दिल्यावर शॉर्टआयडी. कॉन्फिग डॉट जेसॉनमध्ये पोर्ट ४४३, प्रोटोकॉल व्हीलेस, फ्लो एक्सटीएलएस-आरपीआरएक्स-व्हिजन, सुरक्षा रिॲलिटी. ॲक्सेसची नोंद 'नन' ठेवा. यूएफडब्ल्यूत ४४३/टीसीपी उघडा. सुरू करण्याआधी एक्सरे रन -टेस्ट -कॉन्फिग आणि फाइलचा मार्ग द्या. जेसॉनमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी तो सांगतो.

डोकं लागतं ते 'डेस्ट' निवडताना, म्हणजे कुठल्या संकेतस्थळाचं सोंग घ्यायचं. ते टीएलएस १.३ आणि एचटीटीपी/२ (सुरक्षित संकेतस्थळांच्या नव्या भाषा) बोलणारं हवं, तिथल्या देशात बंद नसलेलं हवं, आणि शक्यतो तुमच्या सर्व्हरच्याच शहरातलं हवं. नेटवरचे नमुने बिनधास्त जगातल्या बड्या कंपन्यांची नावं टाकतात. पाच डॉलरच्या सर्व्हरवर गुगलचं प्रमाणपत्र दिसणं म्हणजे सड्यावरच्या खोपटावर ताजमहाल हॉटेलची पाटी. सिंगापूरमधलं एखादं विद्यापीठ किंवा मध्यम आकाराचं दुकान शोधा.

फोनवर अँड्रॉइडसाठी व्हीटूरेएनजी. त्यात तीच माहिती भरायची आणि फिंगरप्रिंटमध्ये क्रोम निवडायचं, म्हणजे हात मिळवण्याची ढब नेहमीच्या ब्राउझरसारखी दिसते. आयफोनवाल्यांनी आपलं ॲप घरूनच घेऊन जायचं. चिनी ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲपं २०१७ पासून काढून टाकलेली आहेत.

ज्याला टर्मिनलचीच धास्ती आहे त्याने अम्नेझिया बघावं. त्याला सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली दिली की ते स्वतः आत जाऊन सगळं बसवतं. त्यांचं अम्नेझियाडब्ल्यूजी म्हणजे वायरगार्डच, पण पाकिटांचे आकार आणि सुरुवातीचे आकडे बदललेले, आधी थोडा कचरा पाठवणारं. माझ्या मते नवख्याने हेच करावं. मी स्वतः हाताने करतो, कारण बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळतं. ब्राउझरमधून चालणारी नियंत्रण-पानं मिळतात, ती सोयीची आहेत खरी, पण उघड्या नेटवर ठेवली तर ती म्हणजे दाराला टांगलेली किल्लीच.

बंद घराचा कॅमेरा

हाच सर्व्हर चाकरमान्यांच्या फार उपयोगी पडतो. घर देवगडात, माणसं डोंबिवलीत, अंगणात कॅमेरा. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरात थेट शिरता येत नाही. घरी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) ठेवून त्यावर वायरगार्ड घाला, तो आतून सर्व्हरला हाक मारत राहील. मुंबईचा फोनही त्याच सर्व्हरला जोडा, दोघांना १०.८.० च्या घरात भेटवा. त्यासाठी यूएफडब्ल्यू राउटची आणखी एक ओळ, इन आणि आउट दोन्हीकडे डब्ल्यूजी०. यात अलावडआयपीज फक्त १०.८.०.०/२४ ठेवा.

एक खोड मात्र आहे. पायच्या जुन्या मॉडेलांत घड्याळाची बॅटरी नसते. पावसात लाइट जाऊन आली की तो मागच्याच वेळेत जागा होतो, आणि वायरगार्ड मागच्या वेळेचा शिक्का असलेली हाक नाकारतं. हात मिळत नाहीत, आणि सगळं तर बरोबर दिसतंय! नेटवरून वेळ जुळेपर्यंत वायरगार्ड सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा, किंवा शे-दीडशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल लावा.

जाण्याच्या आदल्या रात्री

वायरगार्ड बंद करून दुसरं दार एकदा जिओवर आणि एकदा शेजारच्या फायबरवर चालवून बघा. कंपनीच्या पानावर सर्व्हरची स्नॅपशॉट (पूर्ण नक्कल) काढून ठेवा. आयपी बंद पडला तर तिच्यावरून वेगळ्या शहरात दहा मिनिटांत नवा सर्व्हर उभा राहतो, नवा पत्ता फक्त कळवावा लागतो. तो कसा कळवणार हेही आधी ठरवा. आमचं ठरलंय: भाऊ एजंटच्या फोनवरून साधा एसएमएस करतो, मी चार आकडे उत्तरात पाठवतो.

फोन हरवला तर. गेल्या वर्षी त्याचा फोन शिडीवरून उतरताना पाण्यात गेला. तो बुडालाच असेल, पण खात्री कशाला? सर्व्हरवर डब्ल्यूजी सेट डब्ल्यूजी० पीअर, पुढे त्या फोनची सार्वजनिक किल्ली, पुढे रिमूव्ह. मग कॉन्फ फाइलमधून तोच पीअर भाग खोडायचा, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तो परत येतो. एक्सरेतला त्या फोनचा यूयूआयडीही काढायचा. बाकीच्यांना काही कळतही नाही. मावशी तेव्हा टॅबवर कुठल्याशा मालिकेचा भाग बघत होती, तो क्षणभरही अडला नाही.